बॉम्बवाल्या वहिनी

दार उघडलं की शेजारच्या वहिनी कधी रिकाम्या हाताने उभ्या दिसत नाहीत. हातात ताटली, ताटलीवर क्रोशाचा रुमाल आणि रुमालाखाली जे काही असेल त्याबद्दलचं आपलं मत. मतही त्या घरूनच आणतात, आपण ते फक्त मोठ्याने म्हणायचं.

"भावजी, खरं सांगा हं, कसं झालंय?"

यातलं 'खरं सांगा' हे पत्राच्या मायन्यासारखं असतं, हे कळायला मला डोंबिवलीच्या या बिल्डिंगमध्ये सहा वर्षं लागली.

'क्लास केलेल्या' वहिनी प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतात. आमच्या वहिनींचे ग्लास पेंटिंग, क्विलिंगची कानातली, साच्यातली चॉकलेटं, टाळेबंदीतला पाव असे सगळे क्लास झाले आहेत. आमच्या माळ्याचं उत्खनन केलं तर त्यांच्या एकेका कलेचा एकेक थर लागेल. त्या विकत नाहीत असं नाही, पण विकण्याआधी वाटतात, आणि वाटून झाल्यावर विकायला काही उरत नाही.

त्या दिवशी रुमालाखाली कपकेक होते. फिकट जांभळा गोळा, वर नोझलने काढलेली पांढरीशुभ्र वेटोळी आणि टोकाला चांदीचा मणी. माझा हात पुढे गेला.

"अहो, खायचं नाही! आंघोळीचं आहे. बाथ बॉम्ब!"

मग दारातच माहितीसत्र झालं. हा शोध इंग्लंडमधल्या डॉर्सेटचा. मो कॉन्स्टंटाइन नावाच्या बाईंनी 1989 साली बागेतल्या शेडमध्ये पहिला बॉम्ब केला. पोटासाठी घ्यायची अल्का-सेल्टझरची गोळी पाण्यात फसफसते, त्यावरून त्यांना ते सुचलं. पुढे 1995 मध्ये त्यांनी नवऱ्याबरोबर आणि आणखी काही जणांबरोबर 'लश' ही कंपनी काढली. "शेडमध्ये, भावजी!" वहिनींनी 'शेड' वर असा जोर दिला की त्यांच्या ड्राय बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनचं भवितव्य मला तिथेच दिसलं.

"आत काय असतं?"

"दोन वाट्या खाण्याचा सोडा, एक वाटी लिंबूफूल, थोडं कॉर्नफ्लोअर, चमचाभर खोबरेल आणि वास. रव्याच्या लाडवासारखी मूठ वळली पाहिजे. पाण्याचा एक शिंतोडा जास्त झाला की संपलं."

"म्हणजे इनोच की!"

वहिनींनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "इनोने ढोकळा फुगतो, भावजी. याने मन."

ते मन जुलैत फुगायचं होतं, हीच अडचण झाली. सोडा आणि लिंबूफूल कोरडे असेपर्यंत एकमेकांशी बोलत नाहीत. पाणी मध्ये आलं की दोघांची जुंपते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. डोंबिवलीत जुलैमध्ये पाणी हवेतच असतं, त्यामुळे बॉम्बांची भांडणं ताटलीतच सुरू झाली. सकाळी बघावं तर गुळगुळीत गोळ्यांवर गोवर उठल्यासारखे फोड. वहिनींनी बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या बिल्डिंगभर फिरून गोळा केल्या आणि बॉम्ब तांदळाच्या डब्यात पुरले. पुढचे आठ दिवस त्यांच्या वरणभाताला लॅव्हेंडरचा वास होता.

पण खरा पेच पडला तो वरच्या सजावटीत. त्या फ्रॉस्टिंगला आयसिंग शुगर, क्रीम ऑफ टार्टर आणि मेरिंग पावडर लागते, आणि मेरिंग पावडर म्हणजे सुकवलेला अंड्याचा पांढरा बलक. हे सासूबाईंना कळलं ते नेमकं आषाढी एकादशीच्या दिवशी, त्याच पाण्याने न्हाऊन देवासमोर बसल्यावर.

"अंड्याने आंघोळ? मग त्या आंघोळीची आंघोळ कशाने करायची?"

या प्रश्नाला धर्मशास्त्रात उत्तर असेल, पण वहिनींनी ते पाकशास्त्रात शोधलं. काबुली चणे शिजवलेलं आटीव पाणी फेटलं की अंड्यासारखाच फेस येतो. पाणी त्यांनी बॉम्बसाठी घेतलं आणि उरलेले चणे घरच्यांसाठी. आठवडाभर त्या घरात सकाळी छोले, रात्री छोले आणि मधल्या वेळेत चण्यांची उसळ असा आहार होता. आंघोळ सात्त्विक झाली, बाकीच्या वातावरणाबद्दल बोलत नाही.

मग आमच्या घरी चाचणी झाली. मी भीत भीत टबाचा विषय काढला होता. "बादली चालते," वहिनी म्हणाल्या. हा बॉम्ब जन्मला दीड-दोनशे लिटर पाण्यात निवांत पडून राहणाऱ्या लोकांसाठी. आमची बादली वीस लिटरची, तीही नळाची कृपा झाली तर. मी बॉम्ब सोडला. सुर्रर्र करत तो गोल गोल फिरला, जांभळा फेस काठावर आला, दृश्य खरोखर देखणं होतं. पहिला तांब्या अंगावर घेतला आणि लक्षात आलं, की सोडा, लिंबू आणि साखर वीस लिटर पाण्यात विरघळल्यावर जे तयार होतं, त्याला आपल्याकडे सरबत म्हणतात. त्या दिवशी मी ऑफिसला चिकट आणि चकचकीत गेलो. डबा खाताना माशी माझ्या डब्यावर नव्हे, माझ्यावर बसली.

"कसं झालं?" संध्याकाळी ताटली दारात.

"फारच छान," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

वहिनींनी प्रत्येक डबीवर सुवाच्य अक्षरात 'खाऊ नये' असं लिहिलं होतं. पण मुंग्यांना वाचता येत नाही. दिवाळीच्या प्रदर्शनासाठी रचून ठेवलेल्या साठ बॉम्बांवरचं फ्रॉस्टिंग त्यांनी दोन रात्रींत उतरवलं. गोळे जागच्या जागी होते, वेटोळी तेवढी वारुळात गेली. वहिनी क्षणभर खचल्या. मग त्यांनी ते बोडके गोळे बिल्डिंगमध्ये वाटून टाकले आणि त्या रेझिनच्या क्लासला लागल्या.

या सगळ्यात भाऊंबद्दल, म्हणजे वहिनींच्या यजमानांबद्दल, सांगायचं राहिलं. ते राहतंच. घरात सासूबाई बोलतात, वहिनी बोलतात, टीव्ही बोलतो. भाऊ रोज पहाटे पाचला उठून त्या दिवशीच्या प्रयोगाने आंघोळ करायचे आणि गुलाब, मोगरा किंवा वाळ्याचा दरवळ घेऊन मुकाट्याने लोकल पकडायचे. तक्रार नाही, शिफारस नाही.

परवा ते लिफ्टमध्ये भेटले. वास नेहमीच्या साबणाचा होता.

"सुटलात म्हणायचं, भाऊ," मी म्हणालो.

ते हसले. दुसरा मजला गेला, पहिला गेला. तळमजल्यावर दार उघडता उघडता हळूच म्हणाले, "बादली आता काही बोलत नाही हो."

त्या रात्री मी माळ्यावर चढलो. सर्वांत वरच्या थरात, मुंग्यांनी साखर खाऊन टाकलेला एक जांभळा गोळा अजून शाबूत होता. तो ताटलीत ठेवला, वर क्रोशाचा रुमाल टाकला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या दाराची बेल वाजवली.