आधी धवलारीण, मग डीजे

काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ. भिवंडीच्या या पट्ट्यात भातशेती गेली, गोदामं आली, आगरी दारापुढं लांबलचक गाड्या लागल्या, हळदीला डीजे आला. जागची हलली नाही ती एक धवलारीण, लग्नात धवले गाणारी बाई.

तिचं वय विचारू नये. नऊवारी, कमरेला बटवा, दातांवर मशेरीचा काळा थर. मांडवात शिरली की ती आधी चुका शोधते. उंबराची फांदी कुठंय? चौक कोणी पुरला, का कोंबड्यांनी? एरवी ग्रामपंचायतीत टेबल बडवणारा नवरदेवाचा बाप हात बांधून उभा असतो. ‘सुपारी राहिली गो,’ एवढं ती पुटपुटली, की दोघं जण मोटारसायकलवरून भिवंडी बाजाराकडं सुटतात.

भटजी हल्ली असतोच, त्याला ती चालवून घेते. पण देवांना लग्नाचं बोलावणं जातं ते तिच्या धवल्यांतून. पोथी नाही, सगळं तोंडपाठ. तेव्हा चुकलं असं म्हणायची सोयच नाही. महानुभाव पंथातल्या महदंबेनं तेराव्या शतकात रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले, मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात, हे हिला सांगून पाहा. ‘कुठल्या गावची ती? काय घ्यायची?’ एवढंच विचारील.

धर्म सांगणाऱ्या बाईला सगळीकडं असा मान मिळतो असं नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत प्युरिटन लोकांनी 1637 साली अ‍ॅन हचिन्सनवर खटला भरला. बाई घरी माणसं जमवून धर्म सांगायची, पाद्र्यांच्या चुका काढायची. तिला हद्दपारीची शिक्षा झाली, पुढच्या वर्षी वसाहत सोडावी लागली. त्या आरोपीच्या पिंजऱ्यात आमची धवलारीण असती, तर गव्हर्नर विन्थ्रॉपच्या हातात तिनं आधी नारळ ठेवलेलं सूप दिलं असतं आणि सरळ धरता येत नाही म्हणून चार शब्द सुनावले असते.

हळदीच्या रात्री डीजेवाला पोरगा आवाज वाढवतो. ती तशीच उठते. ‘बंद कर रं ती पेटी. देव बहिरा होल.’ पेटी बंद. मग घोगऱ्या आवाजात धवला सुरू होतो, मागच्या दोघी ओळ झेलतात, करवल्या मोबाइल खाली ठेवतात. कितव्या कडव्यात संपणार हे तिलाच ठाऊक; जेवणाच्या पंगती खोळंबलेल्या. सगळे देव येऊन बसले अशी तिची खात्री झाली की नवरदेवाला हळद लागते, आणि ती पोराकडं वळून सांगते, ‘लाव आता. कोलीगीत लाव.’

तुमच्या घरी लग्न निघालं असेल, तर हॉलच्या आधी हिची तारीख धरा. मे महिन्यात ती कोणालाच मोकळी नसते.