कागदाची कोशिंबीर

पंचवीस हजारांची हातघडणीची जपानी सुरी घरात आली की पहिला मान कागदाचा. पाहुण्यांना बसवून यजमान वर्तमानपत्राचं पान दोन बोटांत उभं धरतात (बहुधा हेच सदर असतं, तक्रार नाही), त्यावर सुरी अलगद सोडतात, सर्रकन आवाज येतो आणि पाहुणे 'वा!' म्हणतात. मग सुरी पुसून लाकडी पेटीत जाते आणि रात्रीची भाजी विळीवर चिरली जाते.

सुरी घ्यावी की नाही, याचा निकाल या कागदावर लावणाऱ्यांची मला काळजी वाटते. निसण्यावर नीट घासलेली दीडशे रुपयांची सुरीही पहिल्या दिवशी कागद कापते. खरी परीक्षा शंभराव्या दिवशी असते आणि जपानी पोलादाचा मोठेपणाही तिथेच आहे, हे मान्य करू. रॉकवेल मापावर त्याचा कठीणपणा साधारण ६० ते ६५ भरतो, तर नेहमीच्या जर्मन सुरीचा ५६ ते ५८. त्यामुळे पातं पातळ ठेवता येतं, एकेका बाजूला १५ अंशांच्या आसपासचा कोन पेलतो आणि धार बरेच दिवस राहते. पण कठीण ते ठिसूळही असतं. नारळ, मटणाचं हाड, लाल भोपळ्याची साल, हापूसची कोय, फ्रीझरमधून काढलेला गोळा, यांतल्या कशावरही धारेचा टवका उडू शकतो. कार्बन पोलाद असेल तर लिंबू चिरून सुरी तशीच ओट्यावर ठेवायचीही सोय नाही, डाग धरते आणि मग गंजते. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली निम्मी कामं तिला वर्ज्य. कागद तेवढा चालतो, कारण त्याला हाड नाही, कोय नाही आणि तो आंबटही नाही. शिवाय हे नातं जुनं आहे. दोन जपानी कार्बन पोलादांची नावंच शिरोगामी आणि आओगामी, म्हणजे पांढरा कागद आणि निळा कागद. पोलादाला तसा रंग नसतो, कारखान्यात ओळखीसाठी लावतात त्या कागदाचा तो रंग. एकूण कागदाच्या नावाने जन्मायचं, कागद कापून कौतुक करून घ्यायचं आणि कागदी किमतीवर (पावती फ्रेम करून ठेवणारेही निघतील) म्हातारं व्हायचं. कोबीचा संबंध कुठे येतो?

पात्यावरच्या लाटांच्या नक्षीचंही तेच. त्या बहुतेकदा बाजूच्या मऊ थरांच्या असतात. चिरण्याचं काम मधला एकच कठीण पत्रा करतो आणि काकडीला लाटा दिसत नाहीत. सामुराईचं नाव निघालंच, तर १८७६ साली जपानमध्ये तलवार लावून फिरायला बंदी आल्यावर किती लोहारांना पोटासाठी सुऱ्या-कात्र्यांकडे वळावं लागलं, तेही सांगावं.

'सुरी पिढ्यान्‌पिढ्या टिकते' हा आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याचं उत्तर साकाईकडूनच घेऊ. ओसाकाजवळच्या या शहरात लोहार पातं घडवतो, धारेचं काम दुसरा कारागीर करतो आणि मूठ तिसरा बसवतो. जिथे ही सुरी जन्मते तिथे धार लावणं हा आयुष्यभर शिकायचा स्वतंत्र धंदा आहे. सुरी टिकते ती निसण्यावर पाण्याने घासून घासून, थोडीथोडी झिजत. पेटीत टिकते ती फक्त पेटी.

दुसरा आक्षेप, 'आम्ही कारागिराच्या हाताला दाद देतो.' इथे मात्र माझा तोल जातो. हाच दर्दी माणूस खाली सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याशी दहा रुपयांसाठी जिन्यातून भांडतो! त्याच्या कोरड्या चाकावर पातळ पातं तापून पाणी उतरेल, म्हणून जपानी सुरी त्याला देऊ नये, हे बरोबरच. पण घरातल्या स्टीलच्या सुरीला तरी मागेल ते देऊन धार लावून घ्या की. ती वर्षानुवर्षं बोथट. तिनेच स्वयंपाकाच्या मावशींनी रोज किलोभर कांदा चिरायचा, टोमॅटोवरून ती घसरली की बोट कापून घ्यायचं, हळद दाबायची आणि पुढचा टोमॅटो घ्यायचा. पेटीतल्या सुरीला मात्र त्यांनी हात लावायचा नाही, कारण ती 'नाजूक' आहे. जो हात दिवसाला चार घरांची भाजी चिरतो त्याला बोथट पत्रा आणि जो हात वर्षाला चार पानं कापतो त्याला साकाईची धार, ही कुठली दाद?

तेव्हा आधी हजार नंबरचा पाण्याचा निसणा घ्या. तो सुरीच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाही. सहा महिने घरातल्याच सुरीला महिन्यातून दोनदा स्वतः धार लावा. ते जमलं, आवडलं आणि तरीही हात शिवशिवले, तर खुशाल घ्या, बिनलाटांची घ्या आणि ती मावशींच्याही हातात द्या. नाही जमलं तर पंचवीस हजार वाचले. आणि पान कापायची हौस राहिलीच, तर त्याला दीडशेची सुरी पुरते. रद्दी वजनावर जाते. चिरलेली की अख्खी, हे रद्दीवाला विचारत नाही.