टायर नवीन आहेत

जुन्या गाडीचे इंजिन बसले की घरात बैठक भरते. विषय एकच: ८० हजार घालायचे की गाडी काढून टाकायची? मुलगी म्हणते भंगारात द्या. बायको म्हणते रिक्षा परवडेल. मेहुणा कोपऱ्यात बसून मोबाइलवर नव्या गाडीचा हप्ता काढत असतो. मालक सगळ्यांचे शांतपणे ऐकून घेतो आणि मग हुकमाचा एक्का टाकतो.

"अरे, पण गेल्याच वर्षी चारही टायर नवीन टाकलेत!"

बैठक गप्प. याच्यापुढे कोण काय बोलणार?

गाडी २०१३ची, पेट्रोलवरची. साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढत असताना काटा लाल पट्टीत गेला, तेव्हा मालकाने एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि "उतार लागला की होईल थंड" म्हणत गाडी तशीच रेटली. काही शे रुपयांचा कूलंटचा पाइप फुटला होता. पाणी गेले, ॲल्युमिनियमचे हेड तापून वाकले, गॅस्केट उडाली, कूलंट ऑइलमध्ये उतरले आणि डिपस्टिकला दुधाळ फेस लागला. सायलेन्सरमधून पांढरा धूर. टायरला मात्र ओरखडाही नाही. रुग्ण व्हेंटिलेटरवर, पण चपला कोऱ्या आहेत तेव्हा नातेवाइकांनी धीर सोडू नये, असा हा प्रकार.

टायरच्या कडेवर चार आकडे उठवलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. मालकाला हे मुखोद्गत असते. इंजिन ऑइल शेवटचे कधी बदलले, विचारू नका. कूलंट बदलावे लागते हे तर त्याला टोइंगवाल्याकडून कळले. पण टायर कोणत्या आठवड्यात जन्मले ते तो झोपेतही सांगेल. बैठक रंगली की तो सगळ्यांना पार्किंगमध्ये घेऊन जातो, उकिडवा बसतो आणि खाचेत नाणे खुपसून दाखवतो. कायद्याला १.६ मिलिमीटर खाच पुरते, याच्याकडे सहाच्या वर आहे. सहा! शेजारचे काकाही येऊन नाणे खुपसतात. वॉचमनला बोलावले जाते. बॉनेट कोणी उघडत नाही, कारण आत बघण्यासारखे काही उरलेले नाही. मग हिशेब मांडला जातो: गाडी भंगारात दिली तर टायरचे २० हजार बुडतात, म्हणून ते वाचवायला ८० हजार घालायचे. हे गणित मांडणारा माणूस बँकेतून निवृत्त झालेला असतो आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याशी दोन रुपयांच्या कोथिंबिरीवरून पाच मिनिटे वाद घालतो. शिवाय टायर धावायचे ४० हजार किलोमीटर, आणि याची गाडी वर्षाला धावते चार हजार. म्हणजे खाच संपायला दहा वर्षे हवीत. रबर त्याआधीच कडक होऊन तडकणार. जे वाचवायचे आहे ते पार्किंगमध्ये उभ्या उभ्या म्हातारे होते आहे.

विमा कंपनीला या टायरांचे कौतुक नाही. साध्या पॉलिसीत इंजिनातला यांत्रिक बिघाड बसत नाही. नुसता टायर फुटला तर तोही बसत नाही. गाडीचेही नुकसान झाले असेल तरच टायरचे पैसे मिळतात, तेही निम्मे. भंगाराच्या काट्यावर तर नवा टायर आणि गुळगुळीत टायर सारखेच.

गंमत अशी की दुरुस्ती करणे कदाचित शहाणपणाचेही असेल. पत्रा गंजलेला नाही, गिअरबॉक्स धड आहे. मेहुण्याच्या मोबाइलवर ८ लाखांच्या कर्जाचा सात वर्षांचा हप्ता १३ हजारांच्या आसपास निघाला. म्हणजे ८० हजार हे सहा-सात हप्तेच. पण २०२८ला गाडीला १५ वर्षे होतील. मग फिटनेस, आणि आरसी पाच वर्षांनी वाढवायला ५ हजार रुपये. हे शुल्क २०२२च्या एप्रिलपर्यंत ६०० होते. विचार करायचा तर या आकड्यांचा करावा. तो कोणी करत नाही. सगळे नाणे घेऊन खाली गेलेले असतात.

आणि गॅरेजवाला? तो या बैठकीला नसतो, त्याला गरज नसते. त्याच्याकडे एकच वाक्य आहे आणि त्यावर त्याचे घर चालते: "साहेब, खोलल्यावरच कळेल." खर्च किती? खोलल्यावर कळेल. रिंगा गेल्यात का? खोलल्यावर कळेल. अरे बाबा, प्लग काढून चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन बघायला तासभर लागत नाही, त्याला हेड उतरवावे लागत नाही! गेज तुझ्याच भिंतीवर टांगलेला आहे, त्यावर लिंबू-मिरची लटकली आहे! सगळे त्यातून कळणार नाही हे मान्य, पण २५ हजारांत भागेल की ८० हजार लागतील एवढा अंदाज तरी येतो. तो अंदाज कागदावर द्यायला काय जाते? जाते, कारण कागद दिला तर माणूस दुसरीकडे विचारायला जाईल. खोललेली गाडी कुठेही जात नाही. हेड एका टेबलावर, पिस्टन पेपरवर, नटबोल्ट तेलाच्या डब्यात. या अवस्थेत "नको, राहू दे" म्हणायची हिंमत कोणात आहे? परत बसवायचेही पैसे असतातच. मग ४० हजारांचे ६० होतात, ६०चे ८०, आणि "आता इंजिन उतरवलंच आहे तर क्लच प्लेट टाकून घेऊ" हे वाक्य इतक्या आपुलकीने येते की मालक आभार मानतो. सहा हजारांचा मिक्सर घेताना चार दुकाने फिरणारी माणसे इथे चेहरा बघून ॲडव्हान्स देतात. पावती मागितली तर गॅरेजवाल्याला वाईट वाटेल म्हणून मागत नाहीत!

असो. मालकाने होकार कळवला आहे. क्लच प्लेटसकट. ब्लॉक बोअर करायला लेथवर गेला आहे आणि लेथवाला गणपतीला गावी गेला आहे. फोन लागत नाही. तोवर उघड्यावर उभ्या गाडीवर धूळ बसू नये म्हणून मालकाने १८०० रुपयांचे कव्हर मागवले आहे. वॉटरप्रूफ, आतून मऊ अस्तराचे.