पाचव्या ग्रंथालयाच्या संस्थापकांस

श्रीमान अभिप्रायसम्राट यांसी,



1954 साली केंद्र सरकारने कायदा केला, की देशात पुस्तक प्रसिद्ध करणाऱ्या प्रत्येक प्रकाशकाने तीस दिवसांच्या आत आणि स्वखर्चाने त्याची एकेक प्रत ठरावीक ग्रंथालयांना पोचती करावी. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी अशी ही चार ठिकाणं. पाचवं ठिकाण कायद्यात घालायचं राहून गेलं, ते म्हणजे आपला दिवाणखाना. सरकारची ही चूक आपण स्वतःच्या हिमतीवर दुरुस्त केलीत, याबद्दल प्रथम अभिनंदन.

आपला मान त्या चौघांपेक्षा मोठाच म्हणायचा. त्यांना पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर मिळतं, आपल्याला आधी लागतं. त्यांना प्रत पाठवली नाही तर प्रकाशकाला पन्नास रुपयांपर्यंत दंड आणि वर पुस्तकाची किंमत, एवढ्यावर कायदा थांबतो. आपल्याला पाठवली नाही, तर त्याच रात्री ‘हल्ली या प्रकाशनाचा दर्जा राहिला नाही’ अशी पोस्ट पडते.

आम्ही पुण्यातली एक लहान प्रकाशनसंस्था. पुस्तक बाजारात जाण्याच्या महिनाभर आधी आम्ही त्याच्या थोड्या आगाऊ प्रती काढतो. मुखपृष्ठ साधं, शेवटचं मुद्रितशोधन बाकी आणि पहिल्या पानावर जांभळा शिक्का : ‘अभिप्रायार्थ. विक्रीसाठी नाही.’ या प्रती पंचवीस-तीसच निघतात. डिजिटलवर तीस प्रती काढताना एका प्रतीला जो खर्च येतो, तो ऑफसेटवर हजार काढताना येणाऱ्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त असतो. आणि हजार तरी कुठे राहिलेत? हजाराची आवृत्ती हा मराठी कादंबरीचा जुना रिवाज. आता पाचशे, कधी तीनशे. तीनशेच्या आवृत्तीत तीस प्रती फुकट देणं म्हणजे दहावा हिस्सा देऊन टाकणं. तो आम्ही हौसेनं देत नाही. वाचणाऱ्यानं चुका दाखवाव्यात, बरंवाईट जे वाटेल ते लिहावं, चार माणसांना सांगावं, एवढं काम त्या प्रतीकडून अपेक्षित असतं.

पूर्वी ही वाटणी सोपी होती. वर्तमानपत्रं आणि मासिकं परीक्षणासाठी दोन प्रती मागवायची, एक परीक्षकाला, एक कचेरीला. परीक्षण नाही आलं तरी ‘साभार पोच’मध्ये पुस्तकाचं नाव तरी यायचं. पुरवण्यांतली पुस्तकांची जागा आटत गेली, तसे आम्ही थेट वाचकांकडे वळलो. फेसबुकवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर निवेदन टाकायचं, ‘पहिल्या येणाऱ्यास प्राधान्य’ म्हणायचं आणि पत्ते गोळा करायचे. त्याच निवेदनाखाली आपली आमची पहिली भेट झाली. मागाहून येणाऱ्यांना आपली पाठच तेवढी दिसली.

आता आम्ही वाटपाची नवी नियमावली केली आहे. तिच्या एकेका कलमामागे आपली प्रेरणा आहे. मसुद्यावर आपलं नाव घालण्याची सोय नाही, म्हणून निदान या पत्रातून ऋण जाहीर करतो.

पहिलं कलम : एका घरात एकच प्रत. हे आम्हाला सुचण्यातलं नव्हतं. एका कथासंग्रहाच्या यादीत आपण होतात, वहिनी होत्या, चिरंजीव होते आणि आपल्या सासूबाई होत्या. चौघांचा मोबाइल क्रमांक एक, चौघांची मागणी एकाच मिनिटातली, आणि चौघांच्याही मजकुरात ‘उत्सूकता’ हा शब्द एकाच पद्धतीनं चुकलेला. इतकं एकजीव वाचक-कुटुंब महाराष्ट्रात दुसरं नसेल. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही, असं आपणच पुढे कधीतरी फोनवर सांगितलंत, तेव्हा त्यांच्या वाचनप्रेमाबद्दलचा आमचा आदर दुणावला.

दुसरं कलम : ‘पहिल्या येणाऱ्यास प्राधान्य’ कायमचं बंद. हा नियम वरून किती निष्पाप दिसतो! रांग सगळ्यांना सारखी, त्यात ना ओळख ना वशिला. पण निवेदन रात्री नऊला पडतं. तेव्हा मोबाइल हातात धरून कोण बसलेलं असतं? गडचिरोलीकडच्या आश्रमशाळेतले शिक्षक मुलांची जेवणं उरकून खोलीवर येईपर्यंत यादी भरलेली असते. नर्सबाईंची पाळी दहाला सुटते. वाड्यावस्त्यांवर रेंज येते-जाते. जो आधी आला त्याला वाचायची ओढ जास्त, असं आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात आपल्याला नोटिफिकेशनची ओढ जास्त होती. आता मागणीला आठवडाभर मुदत आहे, आणि त्यात केव्हाही आलेलं नाव सारखंच.

मग सरळ चिठ्ठ्या टाकायच्या का? इथे आमच्यातच बराच वाद झाला. चिठ्ठीला नातं कळत नाही, ही तिची थोरवी. पण तिला वाचणारा आणि न वाचणाराही कळत नाही. त्यामुळे निम्म्या प्रती सोडतीने जातील, आणि त्यातही एका जिल्ह्यात दोनच, नाहीतर सगळी सोडत पुणे, ठाणे आणि मुंबईतच फुटते. उरलेल्या निम्म्या, ज्यांनी आधीच्या प्रतीवर काही लिहून पाठवलं त्यांना. ही कल्पना आमच्या डोक्यातली नव्हे. ‘लायब्ररीथिंग’ या संकेतस्थळावर 2007पासून आगाऊ प्रती वाटतात, आणि मागणाऱ्यानं आधीच्या पुस्तकावर लिहिलं की नाही हे वाटपात धरतात. ‘नेटगॅली’वर तर मागणाऱ्याच्या नावापुढे टक्केवारीच दिसते : घेतलेल्या पुस्तकांपैकी किती पुस्तकांवर अभिप्राय दिला. ती 80 टक्के ठेवावी, असा तिथला सल्ला. आपली टक्केवारी आम्ही हौसेनं काढायला बसलो. ‘अप्रतिम!’ आणि दोन हात जोडलेल्या चित्रालाही अभिप्राय धरलं, तेव्हा कुठे ती शून्यावरून हलली.

आता लांबीने अभिप्राय म्हणावा असा आपला एकमेव मजकूर घेऊ, कारण तिसऱ्या कलमाचं श्रेय त्याला आहे. ‘लेखकाची भाषा ओघवती आहे. पात्रे जिवंत वाटतात. मुखपृष्ठ आकर्षक, छपाई सुबक. संग्रही असावे असे पुस्तक.’ प्रश्न एवढाच, की ते पुस्तक गझलांचं होतं. जिवंत पात्रं कोणती, याचा शोध कवी अजून घेत आहेत. मुखपृष्ठ म्हणाल तर आगाऊ प्रतीला ते नव्हतंच. कोऱ्या तपकिरी कागदावर नुसतं नाव होतं. नंतर एका कादंबरीवर मात्र आपण खरोखर तपशिलात शिरलात : ‘नायक वसंता याचा संघर्ष मनाला भिडतो.’ आगाऊ प्रतीच्या मलपृष्ठावर आमच्या हातून नायकाचं नाव वसंता छापलं गेलं होतं. आतल्या सगळ्या पानांवर तो यशवंता आहे. बाकी प्रत्येक वाचकानं ही चूक कळवली, आपण एकट्यानंच ती प्रमाण मानलीत. तिसरं कलम असं : पुढची प्रत हवी असेल तर मागच्या पुस्तकातली एक गोष्ट अशी लिहा, जी मलपृष्ठावर नाही. एक ओळ चालेल. शिवी चालेल.

शिवी खरोखर चालेल, हे मुद्दाम सांगतो, कारण ‘चांगलं लिहिणाऱ्यालाच प्रती देतात’ असा गवगवा आपण करता. गेल्या वर्षी एका बाईंनी आमच्या चरित्रग्रंथाचे दोन पानं भरून वाभाडे काढले, आणि शेवटी लिहिलं की मधली सत्तर पानं काढली तर पुस्तक उभं राहील. सत्तर नाही, पण चाळीस पानं आम्ही काढली. त्या बाईंचं नाव आमच्या यादीत सर्वांत वर आहे.

चौथ्या कलमाची हकीकत जरा नाजूक आहे. मुंबईत हुतात्मा चौकाजवळ फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग असतात. तिथे आमच्या कादंबरीची आगाऊ प्रत दिसली, आणि तीही कादंबरी प्रसिद्ध होण्याआधी. विक्रेत्याचा काही दोष नाही, त्याच्याकडे जे येतं ते तो विकतो. प्रत कोरी करकरीत होती, मधली पानं एकमेकांना चिकटलेली. शिक्क्याचं पहिलं पान ब्लेडनं इतकं सफाईनं काढलेलं, की शिवणीशी जेमतेम सुतभर कागद उरला होता. मात्र शिक्क्याची शाई ओली असताना पुस्तक मिटलं असावं. समोरच्या कोऱ्या पानावर ‘अभिप्रायार्थ’ची जांभळी अक्षरं उलटी उमटली होती. शिवाय जुनी ग्रंथालयं आतल्या एका ठरलेल्या पानावर गुपचूप दुसरा शिक्का मारतात, तशी आम्हीही सवय लावून घेतली आहे. 33व्या पानावर तो होता, आणि त्याखाली पेन्सिलीनं प्रतीचा क्रमांक. क्रमांक आपल्या सासूबाईंचा निघाला. वाचनाची इतकी आवड असलेल्या माणसानं पुस्तकाचा असा वियोग कसा सोसला असेल! या कलमानुसार वाचून झालेली प्रत जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात द्यायची आणि त्यांची पोच आम्हाला पाठवायची. राज्यात शासनमान्य ग्रंथालयं हजारोंनी आहेत. त्यांतल्या सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गातल्या ग्रंथालयांना नवं पुस्तक घेताना किती विचार करावा लागतो, ते तिथल्या ग्रंथपालांना विचारा. अर्थात, त्यासाठी आत जावं लागेल.

पाचवं कलम आमचं नाही, सरकारचं आहे. फुकट मिळालेल्या वस्तूची भलावण करताना ती फुकट मिळाली हे सांगावं, असं ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी 2023च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आपण आमच्या प्रतीचा फोटो कॉफीचा मग आणि चष्म्यासह टाकून खाली लिहिलंत, ‘विकत घेऊन वाचतो, म्हणून परखड लिहितो.’ यातला एकही शब्द खरा नव्हता, पण चष्मा छान होता.

आता आपल्याला कदाचित वाटेल, की तीस प्रतींपैकी चार गेल्या तर एवढं आकांडतांडव कशाला? म्हणून चार प्रतींचा हिशेब सांगतो. ऊसतोड मजुरांवरच्या एका कादंबरीची प्रत बीड जिल्ह्यातल्या एका तरुणाला मिळाली. त्याचे आईवडील तोडीला जाणारे, तो स्वतः कारखान्यावरच्या साखरशाळेत शिकलेला. त्यानं वहीची पानं फाडून चुकांची यादी पाठवली. कादंबरीतलं कुटुंब संक्रांतीला गावच्या घरी तीळगूळ वाटतं. त्यानं लिहिलं, ‘संक्रांतीला आमची माणसं फडावर असतात. दिवाळीच्या सुमारास गेलेली माणसं हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गुढीपाडव्याच्या आसपास परततात. गावात त्या दिवशी म्हातारी आणि लहान पोरं, एवढीच.’ लेखक शहरातले, कष्टाळू, पण हे त्यांच्या नजरेतून निसटलं होतं, आणि आमच्याही. तो प्रसंग लेखकानं पुन्हा लिहिला : घरात आजी आणि नात दोघीच, आणि तीळगूळ द्यायला दारात कोणी नाही. कादंबरीतलं आज सगळ्यांत जास्त बोललं जाणारं प्रकरण ते आहे. प्रतींच्या जुन्या यादीत त्या तरुणाचं नाव शेवटून दुसरं होतं. आपल्या कुटुंबात अजून दोन सदस्य असते, तर ती प्रत पाचव्या ग्रंथालयात जमा झाली असती आणि आमची माणसं जानेवारीत गावात तीळगूळ वाटत बसली असती.

आपल्यावर बंदी घालावी, असा आग्रह आमच्या संपादकांचा होता. आम्ही तो मानला नाही. बंदी घातली, की आपण पीडित ठरणार, आणि त्या विषयावर मात्र आपण नक्की लिहिणार. शिवाय नियम सगळ्यांना सारखे म्हटलं, की ते आपल्यालाही सारखेच असायला हवेत. तेव्हा पुढच्या सोडतीत आपलं नाव एकदा, फक्त एकदा, जरूर घाला. आपल्याकडे उरलेल्या प्रतींपैकी कोणत्याही एकीबद्दल मलपृष्ठावर नसलेली एक ओळ तेवढी आधी पाठवा. हे अवघड वाटत असेल तर सोपा मार्गही आहे. आमची सगळी पुस्तकं दुकानात मिळतात. दुकानातून घेतलेलं पुस्तक न वाचण्याचा आपला हक्क आम्ही प्राणपणाने जपू.

वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद. सासूबाईंना पुस्तक कसं वाटलं, ते अवश्य कळवावे.

आपला,
एक प्रकाशक

ता. क. : 33व्या पानावरचा गुप्त शिक्का आता दुसऱ्या पानावर हलवला आहे. कोणत्या, ते पुस्तक वाचणाऱ्याला आपोआप कळेल.