पाच चाकूवाल्यांना खुले पत्र

पाच जणांनो,

पत्राची सुरुवात नमस्काराने करण्याची आपली रीत आहे. तुम्हाला नमस्कार करण्याची माझी इच्छा नाही.

२२ मे १९९२ रोजी टोकियोत, घराजवळच, ५९ वर्षांच्या एका माणसाला तुम्ही गाठलंत आणि चाकूने त्याचा चेहरा चिरलात. एकावर पाच जण! त्याचा अपराध एवढाच, की सहा दिवसांपूर्वी त्याचा सिनेमा लागला होता. सिनेमा ‘मिन्बो नो ओन्ना’, दिग्दर्शक जूझो इतामी.

तुम्हाला काय झोंबलं, ते उघड आहे. जपानी पडद्याने याकुझाला, म्हणजे तिथल्या टोळीवाल्या गुंडाला, वर्षानुवर्षं नायक केलं होतं. पाठभर गोंदण, हातात तलवार, शब्दासाठी मरायची तयारी. इतामींनी हा मुखवटा ओढून काढला. त्यांचा याकुझा हॉटेलात जेवायला बसतो, लझान्यात झुरळ निघालं म्हणून थयथयाट करतो आणि पैसे उकळतो. एकदा पैसे सुटले की पुढचे दारात हजर. प्रेक्षक हसतात, कारण ज्याला ते इतकी वर्षं भीत आले, तो साधा खंडणीखोर निघतो.

याच हसण्यातून सिनेमा गंभीर होतो. नोबुको मियामोतो, म्हणजे इतामींची पत्नी, यात वकील झाली आहे. ती हॉटेलच्या भेदरलेल्या नोकरांना शिकवते: घाबरू नका, पैसे देऊ नका, पोलिसांना बोलवा. धमकी हाच यांचा धंदा आहे. खरोखर हात उचलला तर यांच्या वाट्याला तुरुंग येतो. पुढे तिलाच भोसकलं जातं. पण तोवर नोकरांची भीती मेलेली असते. ते स्वतः उभे राहतात.

हे सगळं पडद्यावर असूनही तुम्ही चाकू काढलात. इतामींनी तुमच्यावर भ्याडपणाचा आरोप केला होता, तो तुम्ही भर रस्त्यात सिद्ध केलात. वकीलबाईंचं भाकीतही खरं ठरलं: तुम्ही गोतो-गुमी टोळीचे, पकडले गेलात आणि तुरुंगात गेलात. टोळ्यांना आवर घालणारा नवा कायदा त्याच वर्षी १ मार्चपासून लागू झाला होता. तुमच्या चाकूने त्याची गरज साऱ्या जपानला पटवून दिली.

आणि इतामी गप्प बसले नाहीत. इस्पितळातल्या दिवसांचा अनुभव घेऊन १९९३ मध्ये त्यांनी मरणाच्या दारातल्या माणसावर ‘दाइब्योनिन’ काढला.

वाचकहो, ‘मिन्बो नो ओन्ना’ जरूर पाहा. पोटभर हसा. आणि दमदाटी करणारा तुमच्या दारात आला, तर त्या हॉटेलातल्या नोकरांसारखे एकमेकांना धरून उभे राहा. इतामींनी त्यासाठी स्वतःच्या चेहऱ्यावर वार झेलले आहेत.

— एक प्रेक्षक