आयएमपीदात्या सरांच्या चरणी

परमपूज्य क्लासच्या सरांस,

कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, माझी कन्या आपल्या दहावीच्या बॅचला आहे. तिच्या अभ्यासाचा सगळा भार आपण ज्या निःस्वार्थ बुद्धीने (हप्त्याची तारीख वगळता) स्वतःच्या शिरावर घेतलात, त्याबद्दल चार ओळी लिहिल्यावाचून राहवेना.

आपल्या झेरॉक्स नोट्समुळे आमच्या घरातले विज्ञानाचे पाठ्यपुस्तक फेब्रुवारी उजाडला तरी करकरीत आहे. रद्दीवाला खुश होईल. पाठाखालचा स्वाध्याय सोडवायचा म्हणजे आधी पाठ वाचा, मग डोके खाजवा, चुका, खोडा, पुन्हा लिहा. हे सारे आपण वाचवलेत. आपल्याकडे उत्तर आधी मिळते, प्रश्न काय होता याची चौकशी ज्याची त्याने सवडीने करावी.

या नोट्सवर मुले हायलायटर फिरवतात, तेही आपल्याच आज्ञेने. मुलीची वही उघडली की हळदीकुंकवाला आल्यासारखे वाटते. सगळेच आयएमपी, त्यातल्या काहींना दोन चांदण्या, म्हणजे व्हेरी आयएमपी. अमेरिकेतल्या जॉन डनलॉस्की नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती पारखल्या. रेघा ओढणे आणि तेच ते पुन्हा वाचणे यांना त्यांनी तळात बसवले. स्वतःची स्वतः परीक्षा घेणे आणि अभ्यास दिवसादिवसांवर विभागणे, या दोन गोष्टी वर ठेवल्या. बिचाऱ्यांना आपला क्लास पाहण्याचा योग आला नसावा.

आणि आपल्या रविवारच्या टेस्टबद्दल काय बोलावे! शनिवारी संध्याकाळी धडा घोटून घ्यायचा, रविवारी सकाळी त्यावरच पेपर, दुपारी पालकांच्या ग्रुपवर मार्क. वीसपैकी एकोणीस. नातेवाइकांना फॉरवर्ड करून करून माझा अंगठा दुखतो.

या कौशल्याची खरी थोरवी मला उशिरा कळली. रोडिगर आणि कार्पिक या दोन संशोधकांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा उतारा एकदाच वाचला आणि मग कागद बाजूला ठेवून त्यातले आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा दोनदा वाचलेला उतारा पुढे होता : त्यातले ८१ टक्के आठवले, दुसऱ्यातले ७५. आठवड्याने विचारले तर दोनदा वाचलेल्यातले ४२ टक्के उरले होते आणि आठवून लिहिलेल्यातले ५६. सर, आपण त्या पाच मिनिटांचे सम्राट आहात! बोर्डाने शनिवारी शिकवून रविवारी परीक्षा घेतली असती तर आपल्या विद्यार्थ्यांनी महाराष्ट्र हलवला असता. पण बोर्ड पडले आडमुठे. जूनमध्ये शिकलेले ते मार्चमध्ये विचारते.

आठवण्याचा त्रास मुलांना होऊ नये म्हणून आपण किती जपता, हे मी दाराशी उभे राहून पाहिले आहे. मूल अडखळले, क्षणभर छताकडे पाहू लागले, की आपण लगेच पुढचा शब्द सांगता. त्या क्षणातच अभ्यास घडत असतो म्हणे. आपण त्याला घडू देत नाही. एवढी माया आईलासुद्धा जमत नाही.

या मायेचे फळ परवा जेवताना चाखले. मुक्तिवेगाची व्याख्या कन्येने भाताचा घास न थांबवता म्हटली, स्वल्पविरामासकट. पृथ्वीसाठी सेकंदाला ११.२ किलोमीटर, हेही आले. मी सहज विचारले, "छोट्या दगडापेक्षा मोठ्या धोंड्याला जास्त वेग लागेल का गं?" तिने ताटावरून मान वर केली, माझ्याकडे दयेने पाहिले आणि म्हणाली, "बाबा, ते आयएमपीत नाहीये." नोट्समध्ये जे सूत्र दोन रंगांत रंगवले आहे, त्यात त्या धोंड्याचे वस्तुमान कुठेच नाही. उत्तर तिच्या डोळ्यांसमोर होते. पण सूत्राकडे पाहायचेही असते, हे चांदणी दिल्याशिवाय कसे कळावे?

गणितातही आपण मुलांना वाटेतला खडा टोचू देत नाही. वर्गसमीकरणांच्या आठवड्यात सगळी गणिते वर्गसमीकरणांची, संभाव्यतेच्या आठवड्यात सगळी संभाव्यतेची. कुठले सूत्र लावायचे हे फळ्यावरच्या मथळ्यातच लिहिलेले. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेवर तो मथळा छापायला विसरतात, त्याबद्दल आपण एकदा मंडळाला खरमरीत पत्र लिहावे, ही विनंती.

निबंधही आपण तीनच दिलेत, तिन्ही पाठ. चौथा विषय आला तर पहिल्याच्या सुरुवातीला तिसऱ्याचा शेवट जोडायचा, ही युक्ती मला फार आवडली.

शिवाय रात्री अकरापर्यंत चालणारी रिव्हिजन! दिवसा शिकलेले झोपेत पक्के बसते असे जाणकार सांगतात. आमच्याकडे ते आता पहिल्या तासाला, शाळेत, बाकावर बसते.

चौकातला आपला फ्लेक्सही पाहिला. गुणवंतांचे फोटो, खाली टक्के, वर आपला फोटो, सगळ्यांत मोठा. ज्यांना पंचावन्न-साठ पडले त्यांचे फोटो बहुधा पुढच्या फ्लेक्ससाठी राखून ठेवले असावेत.

एक नम्र मागणी आहे, उद्धटपणा वाटल्यास पोटात घालावा. एखाद्या बुधवारी, कसलीही पूर्वसूचना न देता, मुलांना कोरा कागद द्यावा आणि तीन आठवड्यांपूर्वीच्या धड्याचे आठवेल तेवढे लिहायला सांगावे. मार्क देऊ नयेत, ग्रुपवर टाकू नयेत. मुले छताकडे पाहतील. त्यांना पाहू द्यावे. मग पुस्तक उघडून काय राहिले ते त्यांचे त्यांनाच शोधू द्यावे. आपण त्या वेळात चहा घेऊन यावा, चहाचे पैसे मी देईन.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा अशी मात्र विनंती नाही.

आपला कृपाभिलाषी,
एका विद्यार्थिनीचा बाप

ता. क. : आपल्या अकरावीच्या बॅचचे पत्रक मिळाले. मार्चअखेर नाव नोंदवल्यास फीमध्ये सवलत, असे त्यात आहे. दहावीचे जे विसरले असेल ते पुन्हा शिकवण्याचे पैसे याच फीमध्ये धरले आहेत की त्याचा हप्ता वेगळा, तेवढे कृपया कळवावे.