गवंड्याआधी ससा

संगणकावरील खेळ रचणे हा आळशी माणसाचा उद्योग होय, अशी जी समजूत आमच्या चंद्रपुरातील वडीलधाऱ्या मंडळींत रूढ आहे, ती माझ्या भाच्याने गेल्या उन्हाळ्यात पार मोडीत काढली. कारण ताडोब्याच्या अरण्यावर बेतलेल्या आपल्या पहिल्या खेळाची पहिली लेव्हल सिद्ध करण्यासाठी त्याने जेवढे श्रम घेतले, तेवढ्यात एखाद्या उद्योगी इसमाने खरेच एक अरण्य लावून वाढवले असते.

दुर्दैव एवढेच, की हे सारे श्रम सागाच्या पानांवर खर्ची पडले. पानांवरच्या शिरा, मोहाची खडबडीत साल, बांबूच्या बेटातून झिरपणारा कवडसा, सगळे यथास्थित जमले होते. परंतु त्या बेटातून खेळाडूने जायचे कोठे आणि का, हा प्रश्न दप्तरी दाखलच झाला नव्हता. या धंद्यातील अनुभवी माणसे आधी नुसते करडे ठोकळे मांडून त्यांत खेळाडूंना धावडवतात, आणि ती धाव जमली म्हणजे मगच झाडांना पाने फुटू देतात, असे मी त्याच्याच कपाटातल्या पुस्तकात वाचून त्याला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "मामाजी, ठोकळ्यायत काय मजा हाये?"

वास्तविक चंद्रपूरकराला हे शास्त्र परक्या पुस्तकातून शिकण्याचे कारण नव्हते. आख्यायिका अशी, की गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीस निघाला असता एक ससा त्याच्या कुत्र्याच्या पाठीस लागला (छापखान्याची चूक नव्हे, ससाच कुत्र्याच्या पाठीस लागला), आणि ज्या वाटेने ही विपरीत धाव झाली त्याच वाटेवर, राणीच्या सल्ल्यावरून, राजाने नगराचा कोट बांधण्याचा हुकूम फर्मावला. म्हणजे आखणी धावणाऱ्याने केली आणि गवंडी मागाहून आले! त्याच कोटाच्या जटपुरा दरवाजात सायंकाळी अडकलेल्या वाहनचालकास त्या सशाविषयी काय वाटते, हा प्रश्न अलाहिदा.

ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाचे क्षेत्र गाभा व बफर मिळून सुमारे १,७२७ चौरस किलोमीटर भरते, हे कळताच भाच्याने तेवढा मुलूख खेळात उतरवण्याचा संकल्प सोडला. मोहर्लीच्या फाटकातून आत शिरलेल्या पर्यटकाच्या वाट्याला यातले येते किती? एक धुळीचा रस्ता, एक वळण, आणि त्या वळणापलीकडून वानराने दिलेला वाघाच्या चाहुलीचा कॉल, की ज्यासरशी जिप्सीतील सर्वांची जांभई अर्ध्यावर थांबते.

भाच्याचा पाट्यांचा हव्यास तर विचारू नये. 'येथून वळा', 'येथे वाका', 'वाघापासून सावध'. वनखात्यानेही संकोचावे इतक्या पाट्या. १९८५ साली निघालेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या आरंभी अशी एकही पाटी नाही. नायक पडद्याच्या डाव्या अंगास उभा आणि उजवीकडे मोकळे मैदान, म्हणून माणूस निमूट उजवीकडे निघतो. समोरून एक त्रासिक चेहऱ्याचा प्राणी चालून येतो, म्हणून उडी मारावयास शिकतो. आणि ठोकळ्यातून निघालेले अळंबे पुढच्या नळावर आपटून उलट त्याच्याच अंगावर येते व त्यास थोर करते, म्हणून काय खावे तेही त्यास उमगते. शिगेरू मियामोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सारे, एक अक्षर न लिहिता, पहिल्या काही पावलांत साधले. भाच्याला मात्र स्वतःची लेव्हल डोळे मिटून पार करता येई, आणि त्यावरून ती फारच सोपी ठरवून त्याने आणखी दोन वाघ सोडले. आपणच पेरलेले काटे आपल्या पायाला बोचत नाहीत, याचे त्याला काहीच नवल वाटले नाही.

अखेर खेळावयास बसली ती त्याची मामी, जिचे माहेर आरमोरीकडचे. तिने एकही पाटी वाचली नाही. मागे उभा राहून भाचा "मामी, डावीकडे! डावीकडे!" असा घोष करीत होता, खेळ विकला गेल्यावर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पाठीशी तो असाच उभा राहणार होता की काय, न कळे. तिने करपलेले गवत पाहिले, दूर चकाकणारे तळे पाहिले, आणि सरळ तळ्याकाठी जाऊन बसली.

"इथं काहीच नाही मामी, वाघ तिकडं बांबूत हाये."

"एवढ्या उन्हाळ्यात? पाण्यावर येईनच ना तो."

अर्धा तास ती बसून राहिली. वाघ नेमून दिलेल्या बांबूत इमानाने दबा धरून होता.

"मामीले खेळच समजून नाही राहिला," भाचा माझ्याकडे वळून म्हणाला.

"बाप्पा! तुझ्या वाघाले जंगल समजून नाही राहिलं," मामी म्हणाली, आणि भाजी निवडावयास उठली.

त्याच रात्री वाघाची तळ्यावर बदली झाली. उरलेल्या दोन वाघांना कायम ठेवावे की कमी करावे, आणि पाट्यांची विल्हेवाट कशी लावावी, याविषयीचा अर्ज भाच्याने सादर केला आहे. परंतु तो माझ्याकडे नव्हे, मामीकडे.